बेडकाचा खांदा

उर्वशी आणि प्रवीणची ओळख वासावरून झाली — जळक्या रबराच्या वासावरून.

लोधीखेड्याला पुरवणी परीक्षेची ड्युटी आटोपून ती स्कूटीवर सौसरकडे निघाली होती. मोठा रस्ता सोडून शेतातल्या वाटेनं गेलं की चार किलोमीटर वाचतात, हे तिनं दोनदा मोजून पाहिलं होतं. पाऊस आत्ताच थांबला होता. कपाशीच्या पानांवरून थेंब टपटपत होते. आणि नाल्यावरच्या अरुंद रपट्यावर, म्हणजे बुटक्या पुलावर, बरोबर मधोमध, एक विचित्र गाडी रस्ता अडवून उभी होती. मोटारसायकलसारखं हँडल, पण चाकं चार. तीही एवढी दांडगी, की त्यांच्यामधली गाडी कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखी वाटत होती. मागे शेणखतानं भरलेली ट्रॉली, आणि शेजारी कमरेवर हात ठेवून उभा असलेला एक तरुण, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेला.

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, जरा बाजूला घेता का. उर्वशी म्हणाली, "बेल्ट जळला."

त्यानं वळून पाहिलं. "काय?"

"क्लचचा बेल्ट. वास येऊन राहिला ना."

"मले वाटलं खताचा आहे."

"खताचा वेगळा येतो."

त्यानं नाक वर करून दोन्ही वास नीट घेतले, आणि एकदम हसला. पांढरेशुभ्र दात, गालावर चिखलाचा ठिपका. "बरोबर आहे. वेगळा आहे. तुम्ही मेकॅनिक आहे काय, मॅडम?"

"नाही. सौसरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवते. अतिथी विद्वान."

मध्य प्रदेशात तात्पुरत्या प्राध्यापकांना सरकारनं हे भारदस्त नाव दिलं आहे. मान विद्वानाचा आणि पगार अतिथीचा, असं तिचे वडील म्हणत. ते, म्हणजे दिलीपभाऊ, पांढुर्ण्यात बिनगिअरच्या स्कूटर दुरुस्त करत. इतर मुली सागरगोटे खेळत त्या वयात उर्वशी क्लचमधल्या गोल रोळ्या, म्हणजे रोलर, खेळत होती. म्हणून तिनं स्कूटी उभी केली, चष्मा पुसला आणि त्या गाडीभोवती एक पूर्ण चक्कर मारली.

"ही एटीव्ही आहे," तरुण अभिमानानं म्हणाला. "कुठंबी जाते."

"आत्ता कुठं चालली होती?"

"...घरी."

उर्वशीला हसू आलं. तिनं ते चाकाकडे वळवलं. "हे टायर कंपनीचे नाहीत."

"नाई! मागून टाकले. सत्तावीस इंची. कंपनीचे लहान होते, बावीसचे. व्हिडिओत पायलं मी, एक माणूस असे टायर टाकून पहाडावर चढते..."

"त्या माणसानं क्लचसुद्धा बदलला असेल."

"ते नाई दाखवलं त्यानं."

"चाक मोठं झालं की एका फेरीत गाडी जास्त लांब जाते, पण ओढायचा जोर तेवढाच कमी होतो. बावीसाचं सत्तावीस म्हणजे तुमची ओढ जवळपास पाचवा हिस्सा गेली. त्यात मागे ट्रॉली, पुढे चढ. चाक फिरेना, इंजिन थांबेना, मग मधला बेल्ट बिचारा घासून जळणार नाही तर काय करणार?" ती थांबली. एवढं सलग ती वर्गातही बोलत नसे. "आणि मीटर चाळीस दाखवतो तेव्हा तुम्ही एकोणपन्नासनं जात असता."

तो तिच्याकडे बघत राहिला. मीटरकडे नाही.

"चढावर कोणता गिअर टाकता?"

"हाच. एच."

"आणि हा एल?"

"तो नवशिक्यांसाठी असते ना," तो म्हणाला. "शिकणाऱ्यांच्या गाडीवर नाई का लाल अक्षरात लिहून राहत?"

एल म्हणजे 'लो', खास चढासाठीचा जोरकस गिअर. यावेळी हसू वळवायला जागा उरली नाही. उर्वशी खळखळून हसली, आणि रपट्याखालचं पाणीसुद्धा क्षणभर मागे पडलं.

दोघांनी मिळून गाडी ढकलली. तिची पांढरी ओढणी खताच्या रंगाची झाली. निघताना तो म्हणाला, "मी प्रवीण. समोरचा संत्र्याचा बगीचा आमचाच आहे. मॅडम, एक विनंती होती... पोळ्याच्या सकाळपर्यंत हे गाडी चढली नाई, तर मी गेलो."

"कुठं?"

"नागपूरले. रवींद्रमामाच्या हार्डवेअरच्या दुकानात. स्क्रू मोजाले."

गोष्ट अशी होती. गेल्या साली प्रवीणच्या घरचा एक बैल गेला, आणि जोडीदारावाचून दुसरा खाईनासा झाला, तो आत्याकडे पाठवला. नवी जोडी घ्यायच्या ऐवजी प्रवीणनं एका बंद पडलेल्या रिसॉर्टची ही जुनी एटीव्ही उचलून आणली. बगिच्यातल्या ओळींमधून ट्रॅक्टर जात नाही, ही जाईल, असं त्याचं म्हणणं. ते खरंही होतं. पण नाल्यापासून बगिच्यापर्यंतचा चढ बैल डोळे मिटून चढत, तिथे ही गाडी टायर बदलल्यापासून तिसऱ्यांदा बसली होती. त्याचे वडील, भगवंतराव, तिला 'बेडूक' म्हणत. त्यांनी निकाल दिला होता: पोळ्याच्या दिवशी, मामा जेवायला येईल त्याच्यासमोर, बेडकानं भरलेली ट्रॉली वर नेली तर बेडूकही राहील आणि पोरगाही. नाही तर बेडूक भंगारात आणि पोरगा मामाच्या गाडीत.

"पण पोळ्याला तर जुंपत नाहीत," उर्वशी म्हणाली.

"मी बी तेच म्हणलं. बाबा म्हणते, बैलाले सुट्टी असते, बेडकाले नाई."

सौसरहून नागपूर सत्तरेक किलोमीटर. फार नाही, असं उर्वशीनं स्वतःला त्या संध्याकाळी सांगितलं. तिचा काय संबंध, हेही सांगितलं. मग वही काढून सत्तावीस भागिले बावीस पुन्हा एकदा करून पाहिलं.

पुढच्या रविवारी ती बगिच्यात हजर झाली. सोबत वडिलांची पान्ह्यांची पिशवी, खडू आणि मोजपट्टी.

"कंपनीचे टायर परत लावा," तिनं पहिल्यांदा सोपा उपाय सांगितला.

"ते बोरगावच्या मित्राले देऊन टाकले."

"मागा."

"त्यानं त्यात शेवंती लावली."

तेव्हा तिनं चाकावर खडूनं रेघ मारली, गाडी एक फेरी पुढे ढकलायला लावली आणि जमिनीवरचं अंतर मोजलं. मग टायरची हवा तपासली आणि कपाळावर हात मारला. प्रवीणनं मोटारसायकलीसारखी तीस पौंड हवा कोंबली होती. तिनं व्हॉल्व्हमध्ये काडी घातली. फुस्स्स... सहावर आणली. टायरचं पोट जमिनीवर छान पसरलं.

खाटेवर बसलेले भगवंतराव बघत होते. "पैसे देऊन भरलेली हवा हे पोरगी सोडून राहिली!"

"काका, टायर पसरला की मातीला जास्त जागा धरतो. टणक असला की खड्डा खणतो."

"कॉलेजात हेच शिकवते काय तुम्ही?"

"नाही. तिथं मुलं येत नाहीत."

भगवंतरावांच्या मिशा हलल्या. पण हसले असं कुणाला सिद्ध करता आलं नसतं.

प्रवीणची आई शकुबाई मात्र पहिल्या चहापासूनच उर्वशीच्या बाजूनं झाली. क्लचचं झाकण उघडलं तेव्हा त्या परात घेऊन शेजारी येऊन बसल्या, वालाच्या शेंगा सोलत. "हे काय असते वो बाई? डब्यात डबा दिसून राहिला."

मास्तरकीची सवय वाईट. उर्वशीनं समजावलं, "काकू, बैल कसा सगळा भार खांद्यावर घेऊन ओढतो? तसं या गाडीचं इथं आहे. पुढची ही चाकी, मागची ही, मध्ये हा पट्टा. सगळा जोर इथून. हा तिचा खांदाच समजा."

"अगं माय," शकुबाई हळहळल्या, "मंग याले किती दुखत असन."

दोन रविवार गेले. भगवंतराव आता तिच्यासाठी खाटेवरून सरकून जागा करत, अर्थात चुकून केल्यासारखी. नवा बेल्ट आला, मागच्या क्लचमध्ये कडक स्प्रिंग बसली. राहिल्या होत्या रोळ्या. पुढच्या क्लचमध्ये आठ असतात, प्रत्येकी अठरा ग्रॅमच्या. दिलीपभाऊंनी पांढुर्ण्यात लेथवर आतून कोरून त्या पंधरावर आणल्या आणि लेकीला फोनवर विचारलं, "गाडी कोणाची आहे म्हणतलं?"

"एका शेतकऱ्याची, बाबा."

"म्हातारा आहे काय?"

"...वय नाही विचारलं."

"मंग जवान आहे," दिलीपभाऊ म्हणाले आणि फोन ठेवला.

आठही रोळ्यांचं वजन सारखं हवं, नाही तर क्लच थरथरतो. म्हणून शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर उर्वशीनं प्रवीणला प्रयोगशाळेत बोलावलं. तो भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून आला. टेबलाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो, मध्ये ग्रॅमचा शंभरावा हिस्सा दाखवणारा तराजू. बाहेर पाऊस रिमझिमत होता.

"हलक्या करून काय होईन पण?" त्यानं विचारलं.

"रोळी जड असली की घाईनं बाहेर पळते. इंजिनात जोर यायच्या आधीच गाडी वरच्या गिअरला जाते आणि दमते. हलकी रोळी वाट पाहते. आधी इंजिनाला दम भरू देते, मग सरकते."

"मतलब घाई करत नाई."

"हो."

"बोलत बी कमी असन."

उर्वशीनं वर पाहिलं. तो अगदी गंभीर चेहऱ्यानं रोळीकडे बघत होता. "तराजूजवळ श्वास सोडू नका," ती म्हणाली, "आकडा हलतो."

त्यानं श्वास रोखला. तिनंही रोखला. पंधरा पॉइंट शून्य दोन... पंधरा पॉइंट शून्य एक... दोघांची डोकी आकड्यावर झुकलेली, एक वीतभर अंतरावर. त्याच्या शर्टाला साबणाचा वास होता. आकडा स्थिर झाला. उर्वशीनं तो लिहायला हवा होता. लिहिला नाही. प्रवीणचा चेहरा हळूहळू लाल होत चालला.

"श्वास घ्या!" ती घाबरून म्हणाली.

"तुम्ही... सांगतलं नाई... कवा सोडायचा," तो धापा टाकत म्हणाला.

वहीत त्या दिवशी सात वजनं नीट लिहिलेली आहेत. आठवं तिला सोमवारी एकटीनं जाऊन पुन्हा घ्यावं लागलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तिनं रोळ्या बसवल्या. अंधार पडायच्या आत सौसर गाठायचं होतं. "झाकणाचे नऊ बोल्ट आहेत, नऊही लावा," असं प्रवीणला बजावून ती निघाली. तो हात धुवायला विहिरीवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अख्खी वस्ती नाल्याच्या काठावर होती. शिंगं रंगवलेले, झुली पांघरलेले शेजारचे बैल रवंथ करत उभे होते. रवींद्रमामा नागपूरहून येऊन खुर्चीवर बसले होते आणि प्रवीणच्या बॅगेला चाकं आहेत का, याची चौकशी करत होते. ट्रॉली गच्च भरली होती. प्रवीणनं एल टाकला, उर्वशीकडे एकदा पाहिलं आणि थ्रॉटल दाबला.

इंजिन गरजलं. केवढं गरजलं! बैल दोन पावलं मागे सरले. पण गाडी चढली नाही. वीतभर पुढे झाली, थांबली, आणि हळूच, लाजल्यासारखी, मागे घरंगळली.

"झालं," भगवंतराव म्हणाले. आवाजात आनंद नव्हता, हे उर्वशीच्या कानांनी टिपलं.

"चाल भाचेबुवा," मामा उठले. "पुरणपोळी खाऊन निघू."

उर्वशीचा हिशेब सांगत होता की गाडी चढायलाच हवी. तिसरा हिस्सा जोर शिल्लक राहायला हवा. हिशेब चुकला तर तिला एरवी राग येई. आज राग आला नाही. सत्तर किलोमीटर, एवढंच डोक्यात फिरत राहिलं, आणि ते अजिबात कमी वाटेना.

मग तिनं डोळे पुसले, म्हणजे चष्मा पुसला, आणि विचार केला. घसरायला जागा दोनच. एक तर टायर मातीवर घसरेल, नाही तर बेल्ट चाकीवर. टायर तर जागच्या जागी फिरलाच नव्हता.

"थांबा!" ती ओरडली. उर्वशीला ओरडताना तिच्या आईनंही ऐकलं नव्हतं. "झाकण उघडा."

नऊ बोल्ट निघाले. झाकण निघालं. आतून एक घमघमाट सुटला, आणि सगळ्या गर्दीला एकदम भूक लागली.

साजूक तूप.

बेल्ट चकाकत होता. दोन्ही चाक्या पिवळ्याधमक झाल्या होत्या. उर्वशीनं बोट फिरवलं, हुंगलं. तूप आणि हळद. तिनं प्रवीणकडे पाहिलं.

"मी तं झाकण लावलं फक्त," तो चाचरला. "लाइट गेली होती. वास आला, पण मले वाटलं चुलीवरून येऊन राहिला..."

सगळ्यांच्या नजरा आपोआप एकाच दिशेनं वळल्या. शकुबाईंनी पदर सावरला.

"खांदमळणी केली मी," त्या म्हणाल्या. "काय चुकलं? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे तूप-हळदीनं मळतेच ना सारे? सुट्टी तं तुम्ही देऊन नाई राहिले तिले. म्हणलं, उद्या बिचारीले एवढं ओढा लागन, खांदा तरी मळून द्यावा. उद्या जेवाले ये म्हणून आवतन बी देलं."

"पण आई, खांदा कुठं असते गाडीले!"

"या विद्वान बाईनं दाखवला ना मले," शकुबाई म्हणाल्या. "हाच खांदा समजा म्हणे. झाकण उघडंच होतं. चांगलं आतपर्यंत मळलं."

पहिल्यांदा मामा हसले. मग शेजारी, मग भगवंतराव. त्यांच्या मिशांनी यावेळी काहीच लपवलं नाही. उर्वशी मात्र कानापर्यंत लाल झाली होती. गाडी तिच्याच उदाहरणानं बसवली होती.

"काकू," ती म्हणाली, "गरम पाणी आणि भांड्यांचा साबण."

त्या पोळ्याला गावातले बाकीचे बैल आरतीची वाट बघत होते आणि शकुबाई बेल्टला साबण लावून, कढई घासावी तसा घासत होत्या. उर्वशीनं चाक्या पेट्रोलनं पुसल्या, एकेक खाच, जुन्या दात घासायच्या ब्रशनं. प्रवीण शेजारी उकिडवा बसून फडकी पिळून देत होता.

"घाबरलो होतो मी," तो हळूच म्हणाला.

"दुकानाला?"

"स्क्रू मोजाले काय लागते... दुसऱ्याच गोष्टीले."

तिनं विचारलं नाही कोणत्या. ब्रश मात्र एकाच खाचेत बराच वेळ फिरत राहिला.

साडेअकराला झाकण बसलं. बोल्ट तिनं स्वतः मोजले. प्रवीणनं एल टाकला. इंजिन या खेपेला गरजलं नाही. एका सुरात घुमलं, दम भरला... आणि ते पसरट टायर काळी माती घट्ट धरत, भरली ट्रॉली मागे घेऊन, सावकाश, जराही न अडखळता चढ चढून गेले. वर पोचल्यावर प्रवीणनं दोन्ही हात हवेत उंचावले, आणि गाडी मागे येऊ लागली तसे घाईनं खाली घेऊन ब्रेक दाबला.

भगवंतराव थोडा वेळ वर बघत राहिले. मग मेहुण्याला म्हणाले, "तुम्ही पुरणपोळी खा आरामानं. नागपूरले एकटंच जा लागते तुम्हाले."

जेवणं झाली. शकुबाईंनी एक पुरणपोळी गाडीसमोर ठेवली, कारण आवतन दिलं होतं. उर्वशीनं पान्हे पुसून पिशवीत भरले. सगळ्यात मोठा आधी, मग त्याहून लहान. शेवटचा लहान पान्हा भरायला तिनं फार वेळ घेतला. प्रवीण तिला स्कूटीपर्यंत सोडायला आला. ढग पांगले होते. संत्र्याच्या पानांवर ऊन आणि पाणी एकदमच चमकत होतं.

"मंग..." तो म्हणाला. "झालं काम."

"झालं."

"आता त्या रोळ्या कवा पाहा लागन?"

उत्तर तिच्याकडे तयार होतं. रोळ्या चार हजार किलोमीटरला तपासायच्या. गाडीचं रोजचं चालणं सहा किलोमीटर. म्हणजे सहाशे सहासष्ट दिवस. एक वर्ष आणि दहा महिने. आकडा जिभेच्या टोकावर आला. उर्वशीनं आयुष्यात एकही उत्तर जाणूनबुजून चुकीचं दिलं नव्हतं, पहिलीच्या पाढ्यांपासून.

"दर रविवारी," ती म्हणाली.

प्रवीणच्या भुवया वर गेल्या. "गाडीच्या पुस्तकात तं चार हजार किलोमीटर लिहून आहे."

"तुम्ही पुस्तक वाचलं?"

"तुमच्यासमोर अजून येडा नको दिसाले, म्हणून वाचलं."

"पुस्तक चूक आहे," उर्वशी म्हणाली. तिनं हेल्मेट घातलं, उलटं. काढलं, सुलटं घातलं.

प्रवीण अगदी गंभीरपणे म्हणाला, "मले बी तेच वाटते. फक्त रविवारी पाहून नाई भागणार. बुधवारी बिघडली तं? शुक्रवारी बिघडली तं? पाहणारं माणूस... घरातच पायजे. हमेशासाठी." एवढं बोलून त्याचा आवाज संपला. "मतलब... घाई नाई. तुम्ही हिशेब करून सांगा."

उर्वशीनं स्कूटी सुरू केली. जरा पुढे नेली. थांबवली.

"किती दिवस लागते हिशेबाले?" त्यानं मागून विचारलं.

तिनं हेल्मेटची काच वर केली.

"केव्हाच झालाय," ती म्हणाली.